दोन-एक की दोन-पाच?

दुपारचे बारा वाजून गेलेत. लोकमान्य नगरकडून आलेली मेट्रो नागपूरच्या सीताबर्डी इंटरचेंजला थांबते आणि दारं उघडताच थंड हवा संपते. एप्रिल संपत आलाय. एकेक जिना खाली उतरावा तसं ऊन वर येतं. डब्यातून उतरलेल्यांत हिंगणा रोडच्या कॉलेजांतली चार-पाच मुलं आहेत. पाठीवर सॅक. एकाच्या हातात बुटांचं रिकामं खोकं, त्यातून लाल-काळ्या वायरी लोंबताहेत. या मेट्रोला डोक्यावरच्या तारेतून २५ हजार वोल्ट मिळतात. मुलं निघालीत ती ५ वोल्टच्या शोधात.

मेन रोड ओलांडला की मोदीच्या गल्ल्या लागतात. मोदी नंबर एक, दोन, तीन. आधी मोबाइलची कव्हरं. मग टेम्पर ग्लास चिकटवणारे, एका फुटाच्या स्टुलावर दुकान मांडलेले. हँगरला टांगलेल्या चार्जिंग केबली वाऱ्याने हलतात. वारा गरम आहे. एका दारातला कूलर बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलाय, त्याच्यासमोरून जाताना सगळ्यांची चाल आपोआप मंदावते. गल्ली आत शिरत जाते तशी काचेची चमक कमी होते आणि ड्रॉवर वाढतात. छोटे, प्लास्टिकचे, भिंतभर. प्रत्येकावर पांढऱ्या टेपचा तुकडा आणि बॉलपेनने लिहिलेलं काहीतरी. डीसी सॉकेट. बॅटरी क्लिप. आरसीए. बीएनसी. टाइप सी.

काउंटरवर गर्दी आहे. रांग म्हणता येणार नाही, चार खांदे पुढे आणि आठ मागे. प्रोजेक्ट जमा करायचे दिवस. अंधांसाठी स्मार्ट काठी, आपोआप उघडणारी कचरापेटी, ऊन बघून मान वळवणारं सोलर पॅनल. हे तीन शोध देशातल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात दरवर्षी नव्याने लागतात. सेन्सर, बोर्ड, मोटर सगळं आधीच ऑनलाइन मागवून झालंय. अडतंय ते एकाच गोष्टीपाशी. या सगळ्याला वीज कुठून द्यायची, आणि कोणत्या पिनेतून?

“काका, एक डीसी पिन द्या ना.”

“मेल का फिमेल?”

“मेल. जी आत जाते ती.”

“आत जाते तेच सगळे सांगून राहिले सकाळपासून. दोन-एक का दोन-पाच?”

मुलगा मित्राकडे बघतो. मित्र मोबाइलकडे.

काका हसत नाहीत. ड्रॉवरमधून दोन पिना काढून काचेवर ठेवतात. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, बाहेरून मोजल्या तर दोन्ही ५.५ मिलिमीटरच्या. फरक आतल्या भोकात आहे. एकाचं २.१, दुसऱ्याचं २.५. दोन-एकची पिन दोन-पाचच्या सॉकेटात जातच नाही, मधली काडी आडवी येते. दोन-पाचची पिन दोन-एकच्या सॉकेटात मात्र सहज जाते. जाते, आणि सैल राहते. टेबलाला धक्का लागला की प्रोजेक्ट बंद. परीक्षकासमोर बंद पडलेल्या कितीतरी प्रोजेक्टांचं कारण प्रोग्रॅममध्ये नसतं, या ०.४ मिलिमीटरमध्ये असतं.

“अडाप्टर आणला का सोबत?”

सॅक उघडते. राउटरचा जुना अडाप्टर बाहेर येतो. मग सेट टॉप बॉक्सचा. मग एक अनोळखी, ज्यावरचं लेबल घासून गेलंय. नागपुरातच नाही, कुठल्याही घरातल्या माळ्यावरच्या डब्यात हा माल असतो. यंत्र मेलेलं, अडाप्टर जिवंत. राउटरवाल्यावर १२ वोल्ट, १ अँपिअर असं छापलंय. त्याखाली एक लहानशी खूण: मधे ठिपका, भोवती उघडं कडं, एका रेषेला अधिक, दुसरीला वजा. ठिपक्याकडे अधिक म्हणजे मधली काडी पॉझिटिव्ह. प्रोजेक्टमधल्या आर्डुइनो उनो बोर्डाला हीच लागते, दोन-एकची, ७ ते १२ वोल्टच्या दरम्यान. जमलं.

अनोळखी अडाप्टर काका बाजूला घेतात. काउंटरखालून पिवळा मीटर निघतो, लाल टोक पिनेच्या भोकात, काळं टोक बाहेरच्या पत्र्याला. आकड्याआधी वजाची खूण येते. म्हणजे मधे निगेटिव्ह. गिटारच्या पेडलना असा उलटा अडाप्टर लागतो, तिथे तो बरोबर असतो. थेट सर्किटला लावला असता तर?

“धूर निघला असता बाप्पा.”

मीटरवरचा आकडा काका स्केचपेनने अडाप्टरच्या पाठीवर लिहितात. ९ वोल्ट, मधे मायनस. मग अडाप्टर परत करतात. याचे पैसे घेत नाहीत. गर्दीतला एक जण तोपर्यंत हिरव्या डोक्याची पिन मागतो, जिच्यात वायर स्क्रूने आवळता येते. सीसीटीव्ही बसवणाऱ्यांनी ही पिन गल्लीत आणली आणि आता ती सगळ्यांची झालीय. सोल्डरिंग लागत नाही. हॉस्टेलवर सोल्डरिंग आयर्न नसतं, स्क्रू ड्रायव्हर मिळून जातो. अधिक आणि वजा तिच्यावर उठावाने लिहिलेलं असतं. दहा-पंधरा रुपयांच्या मालात याहून शहाणी वस्तू या गल्लीत दिसत नाही.

मागून कोणीतरी ओरडतं, “काका, साडेतीनचा जॅक आहे का?” इअरफोनचा जॅक त्याला बॅटरीसाठी वापरायचाय. घरात पडलाय, दिसायला नीटस आहे, फुकट आहे. पण तो जॅक आत सरकताना त्याचं टोक आतल्या एकेका पत्रीला घासत जातं. आवाजाच्या तारांमध्ये क्षणभर खरखर होते, एवढंच. बॅटरीच्या तारांमध्ये तोच क्षण शॉर्टसर्किटचा. काका एवढंच म्हणतात, “गाण्याची गोष्ट गाण्याले ठेव.”

दुकानाच्या ओट्यावर, सावलीच्या पट्ट्यात, एक मुलगी मांडी घालून बसलीय. पुढ्यात ब्रेडबोर्ड. तिचं यंत्र तापमान मोजतं आणि मोबाइलवर पाठवतं. छोट्या पडद्यावर ५१ अंश दिसताहेत. मैत्रीण म्हणते, “नागपूर आहे, असंन.” दोघी हसतात. २०२४ च्या मे महिन्यात या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली, आणि नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला. इथे सेन्सर बिघडलेला नाही. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, ७८०५ नावाचा तीन पायांचा काळा तुकडा उभा आहे. अडाप्टरमधून १२ वोल्ट येतात, बोर्डाला ५ हवेत, मधले ७ हा तुकडा उष्णता करून सोडून देतो. दीडशे मिलिअँपिअर वाहत असतील तर सतत वॉटभर उष्णता. हात लावला की चटका. सेन्सर खरं सांगतोय, फक्त गावाचं नाही, शेजाऱ्याचं तापमान सांगतोय.

यावर उपाय तिच्या सॅकच्या कप्प्यात आहे. मोबाइलचा चार्जर. तो मुळातच ५ वोल्ट देतो. ७८०५ काढला की उष्णताही गेली. ती जुनी यूएसबी केबल काढते आणि मधोमध कापते. हा आवाज या ओट्यावर दिवसभर ऐकू येतो. कच्. कात्रीने वरचं आवरण सोललं की आत चार तारा. लाल ५ वोल्ट, काळी ग्राउंड. हिरवी आणि पांढरी माहितीच्या, त्यांना इथे काम नाही, त्या वेगवेगळ्या कापून टेपने झाकायच्या. हे रंग बहुतेक केबलींत खरे असतात. सगळ्यांत नाही. गल्लीतल्या सर्वांत स्वस्त केबलीत आतल्या तारा कोणत्याही रंगाच्या निघतात, म्हणून इथेही मीटर आधी, टेप नंतर.

तार लागते, पडदा उजळतो, वायफाय जोडायला जातो आणि बंद पडतो. पुन्हा उजळतो. पुन्हा बंद. मैत्रीण चार्जरला दोष देते. दोष केबलीचा आहे. आतली तार केसासारखी. अशा बारीक तारेचा रोध मीटरभर लांबीला सुमारे ०.२ ओहम भरतो. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे दुप्पट. केबल दोन मीटरची असली तर ०.८. वायफाय चालू होताना बोर्ड क्षणभर अर्धा अँपिअर ओढतो, आणि निघालेल्या ५ वोल्टमधले ०.४ वोल्ट वाटेतच खर्ची पडतात. त्यात जोड कच्चा, सोल्डर नाही, नुसता पीळ. बोर्ड म्हणतो वोल्टेज पडलं आणि स्वतःला पुन्हा सुरू करतो. ती केबल वीतभर ठेवून बाकीची कापून टाकते. आता चालतं. पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरू लागतो. ४९. ४७. ४४. चव्वेचाळीसवर थांबतो. हा मात्र नागपूरचा.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पॉवर बँकेची तक्रार चाललीय. पाण्याच्या टाकीत बसवायचा छोटा सेन्सर, वीज अगदी थोडी खातो. पॉवर बँक अर्ध्या मिनिटाने स्वतःच बंद होते. ती खराब नाही. काही मिलिअँपिअरच जात असतील तर तिला वाटतं मोबाइल भरला, आणि ती दुकान मिटते. इतकं कमी खाणाऱ्याला पॉवर बँक पोसत नाही. त्याला साधा ३.७ वोल्टचा सेल, एक चार्जिंगचं पिटुकलं बोर्ड आणि एक होल्डर द्यावा लागतो. विजेच्या जगात कमी खाणंही अडचणीचं ठरतं, हे त्या मुलाला आज कळतंय.

उन्हाचा पट्टा सरकतो. ओट्यावरचे सगळे भिंतीकडे सरकतात.

आता टाइप सी. काउंटरवर सर्वांत जास्त वेळ याच्यावर जातो. एकाने टाइप सीचं सॉकेट आणलंय, दोन वायरी स्वतः जोडल्यात, रीतसर लाल आणि काळी. जुन्या चार्जरला लावलं की चालतं. नव्या चार्जरला लावलं, ज्याच्या दोन्ही टोकांना टाइप सी असते, की काहीच नाही. शून्य. त्याने तीन सॉकेटं बदललीत.

काका ड्रॉवरमधून रेझिस्टरची पट्टी काढतात. हिरवा, तपकिरी, लाल. ५.१ किलोओहम. “दोन लाव. दोन्ही सीसीले एकेक.” टाइप सीच्या सॉकेटात २४ संपर्क असतात. त्यांतले दोन, सीसी नावाचे, फक्त ओळख विचारतात. समोर कोणी वीज घेणारा आहे का, हे चार्जर या दोन पिनांवर चाचपून बघतो. ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला दिसला तरच तो ५ वोल्ट सोडतो. नाही दिसला तर गप्प बसतो. जुना चार्जर विचारतच नाही, म्हणून तिथे चालत होतं. दोन पिनांना दोन वेगळे रेझिस्टर हवेत, एकातच दोघींना बांधून चालत नाही. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ हा जगभर विकला गेलेला छोटा संगणक नेमक्या याच काटकसरीने आला होता, दोन पिनांना मिळून एक रेझिस्टर. काही केबलींवर तो सुरूच होईना. पुढच्या आवृत्तीत दुसरा रेझिस्टर आला. म्हणजे मोदी नंबर तीनच्या काउंटरवरचा मुलगा एकटा नाही.

त्याच टाइप सीतून ९, १५, २० वोल्टही मागता येतात. त्यासाठी नखाएवढं ट्रिगर बोर्ड मिळतं, त्यावरची सेटिंग बदलायची, चार्जरशी बोलणी ते बोर्ड करतं. एलईडीच्या पट्टीसाठी एक जण १२ वोल्टचं बोर्ड घेऊन गेला होता, आज परत आलाय. पट्टी मंद लागते. काका त्याचा चार्जर उलटा करून डोळ्यांजवळ नेतात. ५, ९, १५, २०. मधे १२ नाहीच. फास्ट चार्जिंगच्या नियमात १२ वोल्ट बंधनकारक नाहीत, काही चार्जर देतात, काही देत नाहीत. न देणाऱ्याकडे १२ मागितले की बोर्ड खालच्या पायरीवर, ९ वर, समाधान मानतं. चूक कोणाचीच नाही, आणि पट्टी तरीही मंद.

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप सी सक्तीची झालीय, आणि चार्जर कोणत्याही देशासाठी बनो, पिन हळूहळू एकच होत चाललीय. गल्लीत तिचं स्वागत आहे. पण आधी वेगळ्या वोल्टला वेगळी पिन असे, निदान असण्याची शक्यता असे. आता ५ पासून ४८ वोल्टपर्यंत सगळं एकाच भोकातून येतं, आणि वायर हातात घेतली तर काही कळत नाही. समोरचा बोर्ड बोलणारा असेल तर ठीक. घरी जोडलेल्या यंत्राला बोलता येत नाही.

बाहेर उसाच्या रसाची गाडी. घुंगरं वाजताहेत. पेल्यात बर्फ, वर लिंबू. सावलीला एक ई-रिक्षा उभी आहे, चालक सीट उचलून बॅटरी तपासतोय. बारा-बाराच्या चार बॅटऱ्या, मिळून ४८ वोल्ट. चार्जिंगची वायर एका मोठ्या, चौकोनी, राखाडी कनेक्टरला संपते. याला नर-मादी नाही. दोन्ही अर्धी सारखीच, एक उलटं धरलं की दुसऱ्यात बसतं. मुळातल्या रचनेत रंग म्हणजे वोल्टेज: पिवळा १२, लाल २४, राखाडी ३६, निळा ४८, आणि एका रंगाचा तुकडा दुसऱ्यात जाऊच नये अशी आत खाच. आकारानेच चूक अडवायची, असा विचार करून घडवलेली पिन विरळा. इथे मात्र राखाडी मिळाला, राखाडी लागला. चालकाला विचारलं तर तो म्हणतो, “रंगानं काय होते भाऊ? चार्ज तर होऊन राहिली.”

गल्लीच्या टोकाला संगणक दुरुस्तीचं दुकान. दारात जुन्या एसएमपीएसचा ढीग, संगणकाला वीज देणारे पत्र्याचे डबे, धुळीने करडे. प्रत्येकातून वायरींचा झुपका. टेबलावर वीज लागणाऱ्यांना हा ढीग माहीत आहे. पिवळी १२ वोल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. जांभळी म्हणजे बंद असतानाही जागा राहणारा ५ वोल्ट. नुसता प्लग लावून डबा चालू होत नाही, मदरबोर्डची परवानगी लागते. ती परवानगी हिरव्या तारेत असते. हिरवी काळीला टेकवली की पंखा फिरतो. दुकानातला मुलगा कागदाच्या क्लिपेने हेच करून दाखवतो, चार पिनांच्या पांढऱ्या मोलेक्स कनेक्टरला मीटर लावतो, कडेच्या पिवळीवर १२, कडेच्या लालवर ५, मधल्या दोन काळ्या. ज्या पिनेतून एके काळी हार्ड डिस्क चालायची, तिच्यातून आता कोणाच्या तरी माशांच्या टाकीचा दिवा चालणार.

एक जण डबा घेतो आणि तिथेच स्क्रू उघडायला बसतो. आतून वायरी नीट काढायच्या म्हणतो. मुलगा त्याचा हात धरतो. “आत नको. बाहेरूनच काप.” आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास वोल्ट चढलेले असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. पत्र्याच्या डब्याबाहेर सगळं माणसाच्या हाताळणीतलं. डब्याच्या आत नाही.

शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ मेलेली ९ वोल्टची बॅटरी पक्कडीने सोलताहेत. वरची दोन बटणांची टोपी त्यांना क्लिप म्हणून हवीय, विकत कशाला घ्यायची. टोपी सुटते. लहान बटण पॉझिटिव्ह, मोठं निगेटिव्ह, ते लाल-काळी वायर त्याप्रमाणे लावायला जातात आणि थांबतात. ही टोपी आता बॅटरीवर उलटी बसणार. लहान बटण मोठ्यात, मोठं लहानात. म्हणजे रंगही उलटे. ते वायरी बदलतात, डाग देतात, मीटर लावतात, मान हलवतात. कोणाशी एक शब्द बोलत नाहीत.

परतीच्या वाटेवर इलेक्ट्रिकचं दुकान. होल्डर, एक्स्टेंशन बोर्ड, कूलरच्या मोटरी. काउंटरवर मानेवाड्याकडचे एक काका, हातात यादी. स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर घरात तीन दिवे करायचेत, १२ वोल्टचे, लाइट गेली की लावायला. त्यांना टू-पिन टॉप हवेत आणि तसलीच सॉकेटं. मजबूत असतात, स्वस्त असतात, वायर आवळता येते. सगळं खरं. दुकानदार देतोसुद्धा, पुडी बांधायला घेतो. शेजारी उभा असलेला वायरमन विचारतो, “घरात २३०चं सॉकेट कसलं आहे?”

“हेच.”

“नातू किती वर्षांचा?”

काका पुडीकडे बघतात. १२ वोल्टचा दिवा भिंतीतल्या बोर्डात गेला तर फुटेल. बॅटरीची वायर बोर्डात गेली तर बॅटरी. लाइट गेलेली असताना, अंधारात, घाईत, हाताला सॉकेट लागेल तिथे प्लग जाणारच. पुडी सुटते. बदल्यात पिवळ्या रंगाचे दोन भागांचे एक्सटी-६० कनेक्टर येतात, ड्रोनवाल्या पोरांचे, एकाच बाजूने बसणारे, भिंतीत कुठेच न जाणारे. दोन पैसे जास्त. काका देतात.

तुमच्याही घरी असा टू-पिन टॉप लावलेला बारा वोल्टचा दिवा, स्पीकर किंवा बॅटरी असेल तर तो टॉप आजच कापा. त्या जागी स्क्रूची डीसी पिन लावा किंवा एक्सटी-६०, आणि माळ्यावरच्या डब्यातल्या प्रत्येक अडाप्टरच्या पाठीवर मीटरने दाखवलेला आकडा, अधिक-वजासकट, स्केचपेनने लिहून ठेवा.